कोपऱ्यातला काळा चौकोन

सावेडी,
२६ सप्टेंबर २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारच्या बायका दार उघडून बघतात, म्हणून हे पत्र. कान तपासून घ्या, हे शेवटचे सांगते.

माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीचा करार ऑक्टोबरअखेर संपतो. तोवर पेशंट वाढले नाहीत तर खोली सोडावी लागेल. दिवाळीआधी इथे महिलांचे प्रदर्शन आहे. येणाऱ्या प्रत्येकीला पिशवी मिळते, तिच्यात आपले कार्ड टाकता येते. हल्ली कागदी कार्ड कोण जपून ठेवते, हे माझे मत कायम आहे. पण बापाचा छापखाना असून मुलीचे कार्ड नाही, म्हणून तुम्ही शेवगावभर तोंड पाडून फिराल. तेव्हा छापा. फक्त माझे नाव, काम आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. तो तुमच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या रमीजला पाठवला आहे. नंबर नको, पत्ता नको. कोडवर मोबाईल धरला की सगळे दिसते. रिकामी जागा दिसली की भरायची तुमची सवय इथे नको.

आईला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
निकिता


शेवगाव,
६ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

कार्डे आजच्या एसटीने पाठवली. तू म्हणालीस तशीच छापली. नंबर नसलेले कार्ड आयुष्यात पहिल्यांदा छापले. काही राहिले तर नाही ना, असे रमीजला दोनदा विचारले. तो हसला. तुमच्यापुढे आमचे काय चालणार.

आपल्या छापखान्यातून एकही पत्रिका कुंकवाशिवाय गेलेली नाही. ‘पोरीचं पहिलं काम हाय, कोरं कसं धाडायचं?’ म्हणत तुझी आई दुपारभर बसली आणि एकेका कार्डाच्या कोपऱ्याला ओले हळदकुंकू लावूनच तिने पेटी बांधू दिली. आता तिची पाठ तुलाच बघावी लागेल.

तुझी खोली टिकावी, एवढेच देवापाशी मागतो. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
दादा


सावेडी,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने लिहिला. मी फार चिडले आहे.

तुमचे पत्र आज मिळाले, पेटी मात्र आधीच आली होती. ती मी न उघडता आयोजकांच्या हवाली केली. प्रदर्शन संपत आले तरी एकीचाही मेसेज नाही. शेवटी मीच तिथे गेले आणि एका स्टॉलवरच्या अल्मासने कार्डावर मोबाईल धरला. काही उघडेना. बघते तर आईचे बोट नेमके कोडवर उमटलेले. ओल्या रुमालाने पुसले तर अर्धे कार्ड लाल झाले. बायका मात्र ते कार्ड कपाळाला लावून पर्समध्ये ठेवत होत्या. मला हसावे की रडावे कळेना. लग्न होते का ते, दादा? छापखान्यात तीन माणसे आहात, एकालाही हे कसे सुचले नाही?

दिवाळीला येणार नाही. सध्या लोभाचे काही लिहवत नाही.

निकिता


शेवगाव,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी आईला वाचून दाखवले नाही. तिने माझ्या तोंडावरून ओळखले. ‘म्या पोरीचं वाटुळं केलं’ म्हणून बसली आहे. करंज्यांचे सामान आणले होते, ते तसेच पडून आहे.

तो काळा चौकोन मला नक्षी वाटला. त्यावर बोट लागताना पाहूनही बोललो नाही, ही चूक माझी. पण नंबर कोणी काढायला लावला? खाली एक ओळ असती तर कुंकवाने काय बिघडले असते? तुझ्याच कार्डावर तुला गाठायची सोय नाही, याचा राग मलाही येतो, बाई.

खोलीचे काय झाले? रागाने का होईना, पण कळव. आम्ही दोघे वाट पाहतो.

दादा


सावेडी,
६ नोव्हेंबर २०२५

ती. दादांस आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी एका आजींच्या सूनबाई आयोजकांकडे चौकशी करत करत माझ्या घरी आल्या. पिशवीतली बाकीची कार्डे त्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत घातली. माझे मात्र आजींनी टाकू दिले नाही. हळदकुंकवाचा कागद म्हणून थेट देवघरात ठेवला. जवळजवळ महिनाभर त्या रोज देवापुढे बसताना माझे नाव वाचत होत्या आणि गुडघे चोळत होत्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला एकच विचारले, ‘बाई, नंबर का न्हाई टाकला?’ तिथून निघाले आणि रस्त्यात स्कूटर थांबवून रडले. तुमच्यावर रागावून झाले होते, आता माझ्यावर उरले होते.

आजपासून त्यांचे व्यायाम सुरू केले. त्यांच्या शेजारणीनेही बोलावले आहे. तेव्हा नवी कार्डे छापा. नंबर मोठा घ्या, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा. कोड जागा उरली तर. आईला सांगा, कुंकू लाव, पण मागच्या बाजूला. दिवाळी सरली असली तरी करंज्या करून पाठवा.

राग थोडा आहे अजून, पण लोभ त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो असू द्यावा.

तुमची,
निकिता

ता. क. कार्डावर पत्ता छापू नका. खोली मी एकतीस तारखेलाच सोडली.