मीटरविरुद्धचा पुरावा

७ एप्रिल, सकाळी
डॉक्टरांच्या आग्रहाखातर ग्लुकोमीटर आणलं. उपाशीपोटी २१२. अशक्य. काल फक्त दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, त्याही कमी तुपाच्या. लगेच दुसरं बोट टोचलं. २२७! ऑफिसात माझ्या हाताखालच्या कुणी असे आकडे आणले असते तर मेमो दिला असता.
संकल्प: गोड बंद. पण आधी मीटरची चौकशी.

९ एप्रिल
डॉक्टरांना फोन. म्हणाले, घरच्या मीटरमध्ये थोडा फरक चालतो, पण २१२ काय अन् २२७ काय, दोन्ही जास्तच. वर विचारलं, टोचायच्या आधी हात धुता का, स्ट्रिपच्या डबीचं झाकण घट्ट लावता का. मला! डबी उघडी राहिली होती हे खरं, पण शुभदाने बंद करायला काय हरकत होती? बायको घरातच असते.

१२ एप्रिल
शेजारच्या जफरभाईंचं मीटर वापरून पाहिलं. २१९. म्हणाले, "भाऊ, मशीनले कायले शिव्या देता? गोळी घ्या न." म्हणजे दोन्ही मीटर एकाच माळेचे मणी. चुकीच्या आकड्यावर औषध घेणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी तूर्त स्थगित.

१५ एप्रिल
शुभदा सारखी पाणी पिते. माठ भरला की रिकामा. यवतमाळचा एप्रिल, दुसरं काय. रात्री चार वेळा उठते, झोप माझी मोडते. ब्लाउज सैल व्हायला लागलेत म्हणाली. मी म्हटलं, अभिनंदन. डाएट माझं, वजन हिचं कमी. हाही अन्यायच.

१८ एप्रिल
जबरदस्त आयडिया! निरोगी माणसाची शुगर घ्यायची. जास्त आली की मीटर खोटं ठरलं. निरोगी म्हणजे शुभदा, तिला कधी डॉक्टरकडे न्यावंच लागलं नाही. "मले टोचू नका, सकाळपासून गरगरून राह्यलं," म्हणाली. तरी बोट धरलंच.
३४६!!
मी टाळ्या वाजवल्या. ती बघतच राहिली. "तुमी काहून हसून राह्यले?" म्हटलं, मीटर रंगेहाथ सापडलं. हळूच म्हणाली, "अन् खरं असन त?" म्हटलं, तुला कुठली शुगर? आमच्या घरात शुगर मला आहे. म्हणजे, असली तर.
विजयाप्रीत्यर्थ आमरस. तिलाही आग्रहाने वाढला.

१९ एप्रिल
कंपनीला फोन. पलीकडची मुलगी म्हणाली, शंका असेल तर लॅबमध्ये रक्त तपासा, त्याच वेळी मीटरवर घ्या आणि जुळवून पाहा. उत्तम! दोघांचंही देणार. शुभदा म्हणाली, "आजच जाऊ." आज ऑफिसात ऑडिटवाले. सोमवारी नक्की. तोवर पुरावा वाढवायला तिचं बोट दिवसातून चार-पाचदा टोचतोय.

२१ एप्रिल, सोमवार
सकाळी शुभदाचं मीटरवर ३९८. मी खूश, मीटरचा तोल पार गेला. लॅबला निघायचं तर ऑडिटवाल्यांचा फोन. शुभदाला म्हटलं, लॅब उद्या.
अकरा वाजता ऑफिसात जफरभाईंचा फोन. "भाऊ, पयले घरी या. वहिनी पडल्या."
ओट्याजवळ पडली होती. उलट्या, श्वास जोरजोरात, हाक मारली तर नुसते डोळे उघडायची. जफरभाईंनी गाडी काढली. वाटेत तिचा हात माझ्या हातात होता, त्या हाताची बोटं टोचून टोचून काळी पडलेली. माझ्या पुराव्यासाठी.
लॅबचा रिपोर्ट: ४१२.
डॉक्टरांनी सकाळचा आकडा विचारला. ३९८ सांगितलं, अठरा तारखेचा ३४६ही. म्हणाले, "म्हणजे मीटर चांगलं आहे तुमचं. मग काल-परवाच का नाही आणलं यांना?"
ऑडिटचं कारण तोंडाशी आलं होतं.

२३ एप्रिल
शुभदा शुद्धीवर. इन्सुलिन चालू, धोका टळला म्हणतात. माझीही शुगर तपासली: २३१. वाद घातला नाही.
दुपारी सिस्टरने विचारलं, घरी शुगर कोण तपासत होतं. शुभदा म्हणाली, "हेच. रोज." सिस्टर म्हणाली, "नशीबवान आहात काकू, एवढं लक्ष देणारा माणूस घरात आहे."
शुभदाने माझ्याकडे पाहिलं.
मी "हो" म्हणालो.