नागसेनचा ओटीपी

२१ जुलै, सकाळ
आजपासून सैनिक कुटुंबांची इन्कम टॅक्स रिटर्न मोफत भरून देणार. तीस वर्षं मूर्तिजापुरात कॉमर्स शिकवलं. रिटायर झाल्यावर देशाला माझी गरज पडणार हे ठाऊकच होतं. व्हरांड्यात बॅनर लावला. रमा म्हणाली, तुमचं स्वतःचं रिटर्न तर शुभंकर भरतो. मुलाला सवय राहावी म्हणून भरू देतो, हे बायकोला कोण सांगणार.

२४ जुलै
पहिली केस. ज्योत्स्ना, हिवरखेडची. नवरा नागसेन फौजेत, सध्या सीमेवर, कुठल्याशा डोंगरावर. अकोल्यात फ्लॅट ठरलाय, कर्जासाठी बँकेला ऑगस्टअखेर रिटर्न हवं. म्हणाली, सर, पोरीची शाळा अकोल्यातच करायची हाय, एवढं काम अडू देऊ नका. झालंच समज, म्हणालो. वीस मिनिटांत फाइल केलं.

२५ जुलै
फाइल केलं म्हणजे झालं नाही, असं पोर्टलचं म्हणणं. तीस दिवसांत व्हेरिफाय करा. ओटीपी नागसेनच्या मोबाइलवर जाणार आणि पंधरा मिनिटांत बाद होणार. किरकोळ काम.
रमाने चष्मा लावून पावती वाचली. नागसेनची सही घेऊन कागद पोस्टाने पाठवला तरी चालतो म्हणे. या जमान्यात पोस्ट! तिला समजावून सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली.

२ ऑगस्ट
ओटीपी सोडले अकरा. मिळाला एकही नाही. फोन संपर्कक्षेत्राबाहेर. यात माझी चूक नाही, डोंगराची आहे.

६ ऑगस्ट, संध्याकाळ
खुद्द नागसेनचा फोन. चौकीवर नेटवर्क नाही, वर एका खडकाजवळ जेमतेम एक दांडी येते. मी प्लॅन आखून दिला. रोज सकाळी सहाला खडकावर हजर राहायचं, मी सहाच्या ठोक्याला ओटीपी सोडणार, त्याने लगेच फोन करून आकडे सांगायचे. तो म्हणाला, सर, पाणी लय हाय, दगडं सरकून राहिले. म्हटलं, फौजी ना तू? तो हसला. मग लाइन गेली.

९ ऑगस्ट
सहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. चार आकडे ऐकू आले, पुढे नुसता वारा. सहापैकी चार, म्हणजे सहासष्ट टक्के. फर्स्ट क्लास.

१३ ऑगस्ट
झोप लागली. आठला उठलो. ज्योत्स्नाचा फोन, ते पाऊण तास पावसात उभे होते, सर. अलार्म वाजलाच नाही असं सांगितलं. लावला नव्हता, त्यामुळे खोटं नाही. उद्यापासून दोन अलार्म.

१७ ऑगस्ट
सहाला सोडला. सव्वासहाला बाद. दुसरा सोडला, तिसरा सोडला. फोन नाही. आज मी वेळेवर होतो, याची नोंद असावी.

१८ ऑगस्ट
ज्योत्स्नाने विचारलं, सर, तुमच्याशी बोलले का ते? मले तं कालपासून फोनच नाही. नेटवर्क असेल, म्हणालो. रमाने विचारलं, त्याला त्या खडकावर चढायला कोणी सांगितलं? विचारण्याची ही काही पद्धत झाली?

२० ऑगस्ट
सहाला ओटीपी सोडला. पुन्हा सोडला. आता त्या फोनवर कोणी बघत असेल का, कळत नाही. मला भीती वाटते आहे. उद्याचे दोन्ही अलार्म लावले.

२३ ऑगस्ट
तीस दिवस संपले. पोर्टलकडे बघितलं नाही.

२४ ऑगस्ट
दुपारी ज्योत्स्ना आली. युनिटमधून फोन आला होता. नागसेन सतरा तारखेला सकाळी खडकावरून घसरला. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. फ्लॅटचं नाव तिने काढलं नाही.
रमाने पाणी दिलं. ते पिऊन ज्योत्स्ना म्हणाली, सर, आता त्यायले घरी धाडतीन म्हणते. मंग त्या अपंगाच्या पेन्शनवर टॅक्स लागते का?
नाही लागत, म्हणालो. तेवढं मला पाठ होतं.