नानांचं वाण आणि वाजणारे बूट

५ जानेवारी २००६, पहाटे
नवे बूट वाजतात. प्रत्येक पावलाला च्युईं. संस्कृतातल्या न्यायशास्त्राचे पाठ सोसले, हा नाद सोसवत नाही. कुत्री मागे लागली, अर्ध्यातून परतलो. तारा म्हणाली, बूट वाजून राह्यलेत का गुडघे? पत्नीचा उपहास इथे नोंदवून ठेवला. संकल्प अढळ: रोज जालना स्टेशनपर्यंत चालणे. वडिलांना, आमच्याकडेच राहणाऱ्या नानांना, अल्झायमर झाला, तो मला होऊ द्यायचा नाही.

६ जानेवारी
बुटांना तेल लावले. मुरेपर्यंत चालणे स्थगित.

९ जानेवारी
बियाणे कंपनीतला भालचंद्र चहाला आल्ता. विचारलं, नानांचा आजार वंशात उतरतो का? म्हणाला, एका जीनचा एक प्रकार आला की धोका वाढतो, पण होईलच असं न्हाई. आणि व्यायाम? म्हणे, आमच्या प्लॉटवर बघ की. खत तेच, पाणी तेच; एक वाण उसळतं, दुसरं ढिम्म. माणसांचंही तसंच काही असावं म्हणतात, नक्की अजून कुणाला ठाऊक न्हाई. मी म्हटलं, मंग माझं वाण कोणतं? रक्त तपास, न्हाईतर पेरून बघ, म्हणजे चालून बघ, असं म्हणून वर चिवडा मागितला.
निष्कर्ष: वाण कळण्याआधी खत घालणे अशास्त्रीय. चालणे बंद.

१४ जानेवारी
जीनच्या तपासणीसाठी रक्त द्यायला निघणार होतो. संक्रांतीला सुई नको. ताराला म्हटलं, नाना अंबडच्या कोर्टात जन्मभर पायी गेले, तरी विसरलेच ना? ती म्हणाली, चालले नसते तर कितीतरी आधी विसरले असते. हा शुद्ध हेत्वाभास आहे. कोणता, ते रात्रीपर्यंत आठवले नाही.

२२ जानेवारी
थंडी. उद्यापासून नक्की.

२ फेब्रुवारी, सकाळ
नाना माझे बूट घालून दारात उभे. म्हणाले, चला साहेब, कोर्टाची वेळ झाली. मी चपला घालून मागे. च्युईं च्युईं करत ते पुढे, खुशीत. वाटेत म्हणाले, आमचा मुलगा जालन्यात असतो, संस्कृत शिकलेला. हुशार आहे, पण चालायचा बिलकुल आळस. तुम्ही सांगून बघा. म्हटलं, सांगतो.
बूट, कुत्री, थंडी, रक्त, सगळ्या सबबी. न चालता विसरलो, तर चाललो नाही म्हणून झालं, असं म्हणता येतं. रोज चाललो आणि तरीही एक दिवस ताराला विचारलं, तुम्ही कोण? तर मग काय म्हणायचं? मला त्याचीच भीती वाटते.