हवेत हात फिरवला की झालं

पेत्रोग्राद, मार्च १९२२

प्रिय ग्लेब,

मॉस्कोच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. कोट कुणाचा मागून घातलास? खांद्यांवर पार ढगळ झालाय. क्षणभर ऊर भरून आला, मग खालचा मजकूर वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आपण शोधलेल्या या विजेच्या वाद्याला तार नको, पट्टी नको, वादकही नको, कुणीही आठवड्याभरात वाजवील, असं तू म्हणालास? चारचौघांत?

विसरलास का रे, वायू मोजायचं ते यंत्र तू जुळवत होतास आणि हात जवळ नेला की शिट्टी चढायची, लांब नेला की उतरायची? दोन दिवस तू त्याला शिव्या घातल्यास. तिसऱ्या दिवशी धापा टाकत आलास आणि म्हणालास, "तास्या, बिघाड गातोय." गात कसला होता, भोंगा वाजत होता. म्हणून तर मी अर्सेनी लुकिचना घेऊन आले. आपल्या दोघांच्या बोटांवर छडी मारून ज्यांनी चेलो शिकवला, ते म्हातारपणी बर्फातून पायी आले, कारण ट्राम बंद होत्या. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बाळा, सूर सापडलाय, पण मेलेला आहे. मनगट हलव जरा." अकरा दिवस ते तुझं मनगट धरून उभे होते. बोट ठेवायला तार नाही, तेव्हा हवेत सूर शोधायचा तो फक्त कानाने, हे त्यांनी तुझ्याकडून घोटून घेतलं. आपण त्यांना काय दिलं? गाजराचा चहा आणि अर्धा खारा मासा.

आता इथली बातमी ऐक. सोमवारी वाद्यवृंदाच्या समितीने तेच वर्तमानपत्र टेबलावर ठेवून सात तंतुवादक कमी केले. पहिलं नाव अर्सेनी लुकिचचं. नोकरीबरोबर पावाचं कार्डही गेलं. अध्यक्ष झाब्रोदिन, जो कालपर्यंत लाकडाच्या वखारीत होता, त्यांना म्हणाला, "आजोबा, आता हवेत हात फिरवला की झालं. तुम्ही घरी आराम करा." जिना उतरताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "ग्लेब्काने माझं नाव घेतलं नाही, ते राहू दे. पण कान लागतो, एवढं तरी सांगितलं असेल ना?" मी म्हटलं, छापणाऱ्यांनी गाळलं असेल. तुझ्यासाठी मी त्या माणसाशी खोटं बोलले, ग्लेब. त्याचा मला फार राग आहे. सध्या माझ्या पावातला निम्मा त्यांना देते, तोही ते घेताना लाजतात.

हे पत्र अभिनंदनाचं नाही. आगगाडीच्या गार्डाच्या हाती देतेय, उद्या तुला मिळेल. गुरुवारी समिती पुन्हा बसणार आहे. त्याआधी तार कर: या यंत्रात सूर नसतो, तो वाजवणाऱ्याच्या कानात असतो, आणि माझा कान अर्सेनी लुकिचनी घडवला. तार आली नाही, तर तू इथे ठेवून गेलेलं यंत्र मी समितीपुढे मांडणार आणि झाब्रोदिनलाच त्याच्यासमोर उभं करून म्हणणार, वाजवा तुमचं आवडतं गाणं. सगळा वाद्यवृंद ऐकायला बसेल. आणि आपलं काय चुकलं असं त्याने विचारलं, तर मी त्याला तुझा पत्ता देईन.

तुझीच, अजून तरी तुझीच,
तास्या