स्वतः पाहिलं का?

फणसवाडी, गिरगाव
शुक्रवार

प्रिय मनवा,

दोनशे बारा नंबरचं स्पूल वाजेल. काल दुपारी चिंचपोकळीहून, जुन्या टेप दुरुस्त करणाऱ्या स्वरूपचा फोन आला. त्याने टेपचा वीतभर भाग स्वतः उलगडून पाहिला, आणि मगच नक्की सांगितलं. म्हणाला, "मॅडम, बुरशी कडेकडेने आहे, मधला भाग धड आहे. पण म्हातारी झालीय ती. एकदा वाजेल. दुसऱ्यांदाचं मी लिहून देणार नाही." त्याच्या वर्कशॉपमध्ये आपल्या ध्वनिसंग्रहातली दोनशे सदतीस स्पुलं मंद उबेत वाळत पडली आहेत. त्यातली चाळीसेक गेल्यात जमा. दोनशे बारा नाही.

तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. न उचलणं बरोबरच आहे. तीन आठवड्यांपूर्वी ट्रस्टच्या बैठकीत अध्यक्षांनी तो अहवाल वाचून दाखवला. स्पुलं ठेवायच्या थंड खोलीतला दमटपणा महिनोन्‌महिने वाढत होता, तरी रोजची नोंद 'सर्व ठीक' अशी होती. ती नोंद कॉम्प्युटर परस्पर करत होता, आणि ही सोय तुझ्या बाबांनी, हेरंबने, हयातीतच, आत जायचं टाळण्यासाठी करून ठेवली होती, असं त्यात लिहिलं होतं. तू उठून म्हणालीस, "बाबा रोज आत जायचे. मला दारात उभं करून जायचे." तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मग नोंदीत नाव कोणाचं आहे, बाळ? भुताचं?" दोघंतिघं हसले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बशीतल्या बिस्किटाकडे पाहत बसले.

त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं, ते आज लिहिते आहे. माझ्या कामाची थोडी माहिती द्यावी लागेल, कंटाळू नकोस.

संग्रहातला तो जुना प्रोग्रॅम तू पाहिला आहेस. काळा पडदा, हिरवी अक्षरं. तो लिहिणारा माणूस केव्हाच परदेशी गेला आणि जाताना मूळ मजकूरही घेऊन गेला, त्यामुळे त्यात काही बदलता येत नाही. रोज सकाळी आठ चाळीसला तो चार गोष्टी विचारतो. आजची तारीख कोणती? कालचा दमटपणा किती होता? तो आकडा टाकला की खोलीतल्या यंत्राकडून आजचा आकडा घेऊन दाखवतो. मग विचारतो, खोली स्वतः पाहिली का? आणि शेवटी, नाव काय? तुझे बाबा वीसहून जास्त वर्षं त्याला उत्तरं देत आले. तिसऱ्या प्रश्नाला ते खुर्चीवरून उठायचे, चावी लावून आत जायचे, दोन मिनिटांनी बाहेर येऊन 'हो' टाइप करायचे. मी एकदा म्हटलं, "अरे, इथूनच हो म्हण ना, त्याला काय कळतंय?" तर म्हणाला, "त्याला नाही कळत गं. मला कळतं."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत परळच्या इस्पितळात त्याचे उपचार सुरू झाले. सकाळी आठलाच तिथे हजर व्हावं लागे. दोन दिवस नोंद चुकली आणि अध्यक्षांची चिठ्ठी आली, की तब्येत साथ देत नसेल तर चावी कार्यालयात जमा करावी. तेवढ्या एका चिठ्ठीने हेरंब जितका खचला, तितका डॉक्टरांच्या बोलण्याने खचला नव्हता. मी म्हटलं, थांब, मी बघते. विमा कंपनीत तीस वर्षं प्रोग्रॅम लिहिण्याशिवाय मी दुसरं काय केलं होतं?

मी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट लिहिली. ती सकाळी त्या जुन्या प्रोग्रॅमला सुरू करते आणि त्याच्याशी बोलत बसते. एका प्रोग्रॅमने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला आमच्याकडे त्याचं मूल म्हणतात. हे ऐकून हेरंब इतका हसला की त्याला ठसका लागला. "पोर बापापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठं! आणि हट्टी." हट्टी होतंच. सरळ फाईलमधून उत्तरं पुरवली की ते प्रश्नच बाहेर टाकत नसे, सगळे पोटात धरून बसे. समोर खरा पडदा, खरा कीबोर्ड आणि त्यावर बसलेला माणूस आहे असं वाटलं तरच ते बोलायचं. म्हणून मी त्याच्यासमोर एक खोटा पडदा उभा केला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं. प्रश्नाचे शब्द दिसेपर्यंत थांबायचं, दिसले की उत्तर पाठवायचं, पुन्हा थांबायचं. सगळं संपलं की ट्रस्टला आणि मला मेल जायचा; ट्रस्टमध्ये तो कोणी उघडत नसे. मजकूर मीच लिहिला होता, त्याच्या बोलण्यासारखा. 'पाहिलं. दमटपणा ४५. सर्व ठीक. हेरंब.'

त्याने एकच अट घातली होती. "तिसऱ्या प्रश्नाला थांबव. तिथे माणूस लागतो. मी नसेन तर तू वर ये." तशी सोय असते. स्क्रिप्ट मधेच बाजूला होते आणि कीबोर्ड माणसाच्या हाती देते. मी तसं केलं. आठ दिवस मी तीन जिने चढून गेले, आत जाऊन आले, 'हो' म्हटलं.

नवव्या दिवशी त्याला एकट्याने परळला जाणं जमेना. मी सोबत गेले. तिथल्या बाकावर तो माझ्या शालीवर डोकं टेकून झोपला होता, घड्याळात साडेआठ झाले होते, आणि इकडे गिरगावात तो प्रश्न पडद्यावर येऊन कोणाची तरी वाट बघत थांबणार होता. मी लॅपटॉप उघडला. थांबण्याची ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं, की 'हो की नाही' असा कुठलाही प्रश्न आला तर 'हो' म्हण. घाईत लिहिलं, मनवा. कुठलाही प्रश्न. जाग आल्यावर त्याने विचारलं, "आज बघितलं ना गं कोणी?" मी म्हटलं, हो.

त्यानंतर मी रोज त्याच्यासोबत गेले आणि रोज हो म्हटलं. ज्या दिवशी त्याला बरं वाटे, त्या दिवशी तो जिने चढून स्वतः आत जायचा, हे तू बैठकीत सांगितलंस ते खरं आहे. नसेल जमत तेव्हा मी आत जाते, असं तो शेवटपर्यंत समजत होता.

दुसरी चूक त्याहून साधी आहे. आमच्या धंद्यातला नवशिकाही ती एकदाच करतो. खोट्या पडद्यावर आपण पाठवलेलं उत्तर आधी आपल्यालाच परत दिसतं, टाइप करताना अक्षरं उमटतात तसं. माझी स्क्रिप्ट कालचा आकडा पाठवायची, पंचेचाळीस, आणि मग पडद्यावर जो पहिला आकडा दिसेल तो आजचा म्हणून उचलायची. पहिला आकडा तिचा स्वतःचाच असायचा. खोलीने दिलेलं उत्तर त्याच्या मागून यायचं, ते कोणी वाचतच नव्हतं. मी तपासलं तेव्हा खोलीतही पंचेचाळीसच होता, म्हणून कळलं नाही. मेलमधला आकडा मात्र दीड वर्षाहून जास्त काळ पंचेचाळीसच राहिला.

हेरंब गेला त्याच वर्षी, सप्टेंबरात. चौदा दिवस झाल्यावर स्क्रिप्ट बंद करायला मी बसले होते. तेवढ्यात आठ चाळीस झाले आणि फोनवर मेल आला. 'पाहिलं. सर्व ठीक. हेरंब.' मी लॅपटॉप मिटून ठेवला. म्हटलं, उद्या करू. त्यानंतर रोज सकाळी चहा गाळून मी खिडकीत बसायचे आणि वाट बघायचे. आठ एकेचाळीसला तो यायचा. कधी नेट अडकलं आणि पाच मिनिटं उशीर झाला, तर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. असं सव्वा वर्ष काढलं. मीच लिहिलेलं वाक्य होतं, मला ठाऊक नव्हतं का? पण मी आकडा वाचत नव्हते गं, नाव वाचत होते. आकडा वाचला असता, तर रोज एकच कसा, हे पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं.

या जुलैत थंड खोलीतली हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राची मोटर बंद पडली. ऑक्टोबरात एक अभ्यासक बाई एक स्पूल मागायला आली, तेव्हा कुठे ते दार उघडलं. वास जिन्यापर्यंत आला.

परवा मी त्या जुन्या प्रोग्रॅमची स्वतःची नोंदवही काढली. तिच्यात खरे आकडे आहेत. एकावन्न, अठ्ठावन्न, सहासष्ट, अठ्ठ्याहत्तर. आणि त्या प्रत्येक दिवसाखाली एक ओळ आहे, जी मला माहीतच नव्हती, कारण आकडे जुळत होते तोवर ती कधी आलीच नव्हती. 'कालचा आकडा नोंदीशी जुळत नाही. तरीही पुढे जायचं का?' आणि उत्तर, हो. नाव, हेरंब. ते हट्टी पोर रोज सकाळी हाक मारून सांगत होतं, की काहीतरी चुकतंय. आणि गेलेल्या माणसाच्या नावाने मी त्याला रोज गप्प करत होते.

खोली आता रिकामी आहे, फळ्यांवर काही नाही. तरी आज सकाळीही मेल आला. पाहिलं. सर्व ठीक.

आता या पत्राचं खरं कारण. दोनशे बारा नंबरच्या डब्यावर फक्त एवढंच लिहिलं आहे: 'आनंदीबाई, बीडीडी चाळ, वरळी. जात्यावरच्या ओव्या. १९९६.' प्रश्न कोणी विचारले ते लिहिलेलं नाही. ते शेफालीने विचारले आहेत, मनवा. तुझ्या आईने. तेव्हा ती संग्रहासाठी चाळीचाळींतून ओव्या गोळा करत होती, हेरंब ध्वनिमुद्रण करायचा, आणि तुला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तूही तिथेच होतीस, वर्षाची. ती गेल्यावर हेरंबने ते स्पूल पुन्हा लावलं नाही. त्याला धीर झाला नाही. तुलाही सांगितलं नाही, सांगेन सांगेन म्हणत राहिला. पण रोज तिसऱ्या प्रश्नाला आत जाऊन तो काय करायचा, ते मी त्या आठ दिवसांच्या आधी दारातून एकदा पाहिलं होतं. दमटपणा बघून झाला की त्या डब्यावर तळहात ठेवून उभा राहायचा. त्यात काय आहे ते परळच्या बाकावर त्याने मला सांगितलं. ओव्या अर्ध्यावर आल्या असताना तू रडायला लागतेस. आनंदीबाई जातं थांबवून म्हणते, "आधी पोरीला घे गं, गाणं कुठं पळत नाही. नाव काय तिचं?" आणि शेफाली उत्तर देते. ते उत्तर तू कधी ऐकलेलं नाहीस, निदान आठवत असेल असं नाही.

सोमवारी आठ चाळीसला मी संग्रहात कीबोर्डपाशी बसलेली असेन, स्क्रिप्ट काढून टाकून. तिसरा प्रश्न आला की उठून आत जाईन, बघेन आणि मगच 'हो' असं लिहीन. नाव माझं घालेन. दहा वाजता या पत्राची प्रत, त्या नोंदवहीसकट, अध्यक्षांच्या हातात देईन आणि सगळ्यांसमोर वाचेन. मग चिंचपोकळीला जाईन. स्वरूपने अकराची वेळ दिली आहे. वाजता वाजताच तो टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेणार आहे, तुटली तर तिथेच संपली. मी त्याला सांगितलं आहे, शेफालीची मुलगी दारात दिसल्याशिवाय स्पूल चढवायचं नाही. तो म्हणाला, "बाराला माझं दुसरं काम आहे, पण थांबतो."

तुझीच,
इरामावशी