भाकरी उतरेपर्यंत

प्रिय अप्पा,

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली, ही तुमच्या अबोल्याची कृपा. मोर्चातला माझा फोटो पेपरात आला, तेव्हा तुम्ही आईला एवढंच म्हणालात की पोरीनं काळ्या कोटाआधी काळा झेंडा धरला. मला राग आला, आणि खरं सांगते, हसूही आलं.

लॉ कॉलेजच्या शिबिरातून त्या वस्तीत मी पहिल्यांदा गेले ती नुसत्या हजेरीसाठी. निंगव्वानं दारावर चिकटवलेली नोटीस दाखवली. ती कोर्टाची आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तोवर तारखा होऊन जागामालकाच्या बाजूनं एकतर्फी निकाल लागला होता. तेव्हापासून मी तिथे रोज संध्याकाळी वर्ग घेते. बायका आता नोटिसा, रेशनचे कागद स्वतः वाचतात. निंगव्वा मागच्या आठवड्यात म्हणाली, कागदाला आता भीत न्हाय की आमी, पर घरच गेल्यावर वाचायचं कुटं बसून? म्हणून मोर्चा काढला.

इथल्या कोर्टात बदली होण्याआधी तुम्ही अक्कलकोटला बेलीफ होतात, कोर्टाचे हुकूम बजावायला दारोदार जायचात, तेव्हा एकदा मला लुनावरून दुधनीला नेलं होतं. तुम्ही घर रिकामं करायचं वॉरंट घेऊन दारात, आणि आत बाई भाकऱ्या थापत होती. मालकाचा माणूस घाई करत होता. शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत तुम्ही उंबऱ्याबाहेर थांबलात. मग सगळा हुकूम मोठ्यानं वाचलात, आणि तिला मराठी कळेना म्हणून पुन्हा सगळा कन्नडमध्ये समजावलात. घर वाचलं नाही. पण त्या बाईनं निघताना तुम्हाला पाणी दिलं. वकील व्हायचं मी तिथेच ठरवलं; तुम्हाला उगाच वाटतं, तुम्ही सांगितलं म्हणून.

उद्या वस्तीचं वॉरंट तुमच्या हाती आहे, आणि समोर मी असणार म्हणून तुम्ही रजा टाकताय, असं आई म्हणाली. अप्पा, रजा टाकू नका. दुसरा कुणी आला तर दोन ओळी पुटपुटून सामान बाहेर काढील. वस्तीच्या बाजूचे सिद्धलिंग वकील कोर्ट उघडताच स्थगितीचा अर्ज घेऊन उभे राहणार आहेत. मिळेल की नाही, ठाऊक नाही. सवलत मी मागत नाही. मी निंगव्वाच्या उंबऱ्यावर बसलेली असेन, वेळ आली तर मलाही उठवा. फक्त नेहमीसारखं वाचा, पूर्ण, आणि मग कन्नडमध्ये. चुली उद्या जरा उशिरा पेटतील, आणि घरोघरी भाकऱ्या बऱ्याच करायच्या आहेत.

तुमचीच हट्टी,
उत्कर्षा