आईचा जप आणि धाकट्याची गाडी

दि. ३ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चादर आणि साबणाच्या वड्या पोचल्या. साबणापेक्षा टपालखर्च जास्त पडला. पुढच्या वेळी इकडे कोणी येणार असेल त्याच्याजवळ दे.

रविवारी मुलीकडचे आमच्याकडे येताहेत, तू आईला गाडीतून घेऊन ये. मुलगी गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवते. तुझ्या फोटोपेक्षा तुझ्या गाडीचीच चौकशी तिनं जास्त केली. या स्थळासाठी आईनं देव पाण्यात ठेवलेत, तेव्हा शहाण्यासारखा वाग. आईचा नियम तुला ठाऊक आहे: गाडी सुरू झाली की ती माळ धरते आणि जप पुरा झाल्याशिवाय जागची उठत नाही. बाबा चालवायचे तेव्हा तो बरोबर आमच्या फाटकाशी संपायचा. लवकर नीघ, जोरात येऊ नकोस.

माया आहेच, अक्कलही असू दे.

तुझी ताई

दि. १२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू वरून पाहिलंस ते अर्धंच. इस्त्रीपायी निघायला उशीर झाला, तो मी वाटेत भरून काढला. बाजारापाशी आई एवढंच म्हणाली की देवाचं नाव घ्यायला श्वास तरी राहू दे. पोचलो वेळेआधी, पण माळ निम्मीही झाली नव्हती. उरलेला जप घरात कर म्हटलं, तर तिनं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. मग भर उन्हात छत्री धरून उभा राहिलो. खिडकीतलं भावोजींचं हसू खालपर्यंत ऐकू येत होतं.

मुलगी मात्र हसली नाही. खाली आली, टायरनं रस्त्यावर ओढलेला काळा पट्टा पाहिला आणि विचारलं की वळणावरच्या शाळेसमोरूनही मी असाच येतो का. ताई, तिथं शाळा आहे हे मला तेव्हा कळलं. तिला तसंच सांगून टाकलं. परतताना हळू आलो, तर शाळा दिसली. रविवार असूनही फाटकाशी केवढी पोरं खेळत होती.

नकार आला असेल तर गोड करून लिहू नकोस. मला ती फार आवडली आहे.

रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझा धाकटा

दि. १६ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मुलीचे वडील म्हणाले, या मुलाला हो म्हणायचं तर आधी मुलीचा विमा उतरवायला हवा. पण तिनं त्यांना गप्प केलं. म्हणाली, एवढे शिकाऊ पाहिले, सगळे रस्त्याला दोष देतात; शाळा दिसली नाही हे कबूल करणारा हा पहिलाच.

तेव्हा होकार नाही, नकारही नाही. येत्या रविवारी ती तुमच्याकडे येईल आणि तुमची गाडी आमच्या घरापर्यंत तीच आणेल. तू मागे आईशेजारी बसायचं आणि वाटेत माणूस, सायकल, शाळा, जे जे दिसेल ते मोठ्यानं सांगत यायचं. आईच्या जपात त्यानं व्यत्यय येईल अशी मला काळजी होती. पण आईनंच परस्पर निरोप धाडलाय की एवढ्यासाठी देव रागवत नाही.

भावोजी खिडकीतली जागा आत्ताच धरून बसलेत. कबूल असेल तर उलट टपाली कळव. लोभ वाढू दे, वेग नको.

तुझी ताई